मनी पोरले इचारं का?

(अमळनेर येथे शिक्षक-पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आठवीतल्या एका मुलीपासून सुरुवात करतो. तापीकाठच्या एका गावातल्या शाळेत मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. मुलीचं घर शाळेपासून चार किलोमीटर, आणि एसटीचा भरवसा नाही. आदल्या वर्षी कपाशी हातची गेली आणि पाठोपाठ तिच्या वडिलांनी जीव दिला. आम्ही खटपट करून एका देणगीदाराकडून तिला सायकल मिळवून दिली. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झाल्यावर पटांगणातच ती दिली. एका मुठीवर देणगीदारांचा हात, दुसऱ्या मुठीवर माझा, मध्ये ती. फोटो ग्रुपवर मीच टाकला. खाली ओळही मीच लिहिली: ‘आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील विद्यार्थिनीस सायकल वाटप’. पुढे तिचं पूर्ण नाव, इयत्ता, गाव. दुपारपर्यंत फोटो तालुकाभर फिरला. दुसऱ्या दिवशी पेपरात आला.

आठवड्याभरानं पाहतो तर ती पायीच येत होती. मग तिची आई आली. ऑफिसच्या दारातच उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, “सायकल चांगली शे, सर. पन फोटो टाकाना पहिले मनी पोरले इचारं का तुम्ही?” म्हणजे, फोटो टाकण्याआधी माझ्या मुलीला विचारलंत का? मुलीचा धाकटा भाऊ दुसरीत होता. बाबा आजारानं गेले, असं घरात त्याला सांगितलं होतं. खरं काय ते त्याला वर्गातल्या एका पोरानं मोबाईलवरची ती ओळ वाचून दाखवली.

ती माउली गेल्यावर मी कपाट उघडलं. माझ्याकडे परवानगी होती, हे मला पाहायचं होतं. आणि होती. पाचवीच्या प्रवेश अर्जावर अगदी तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, ‘शालेय उपक्रमांची छायाचित्रे प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नाही’. खाली सही होती. तिच्या वडिलांची.

तो कागद हातात धरून मी किती वेळ बसलो होतो, कोण जाणे. त्या दिवसापासून ‘पालकांची परवानगी घेतलेली आहे’ हे वाक्य कुणी उच्चारलं की मी विचारतो, कधी घेतली, कशासाठी घेतली, आणि ज्यानं दिली त्याला काय कळलं होतं?

आता कायदाही हेच विचारतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं. बारावीतली बरीचशी मुलंसुद्धा त्यात आली. ज्यावरून माणूस ओळखता येतो तो फोटो ही वैयक्तिक माहितीच. मुलाची माहिती वापरायची तर आधी आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची खात्री करता येईल अशी संमती हवी. मुलांबाबतची ही बंधनं मोडली तर दंडाची कमाल मर्यादा दोनशे कोटी रुपये आहे. शाळांना शिकवण्याच्या आणि सुरक्षिततेच्या कामापुरती काही सवलत आहे. पण प्रवेशाच्या जाहिरातीच्या फ्लेक्सवर मुलीचा चेहरा छापणं हे शिकवण्याचं काम आहे, असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

दंडाचा आकडा ऐकून घाबरू नका. संमती कशी असावी याबद्दल कायदा जे सांगतो ते जास्त मोलाचं आहे. ती मोकळ्या मनानं दिलेली हवी, ठरावीक कारणासाठी हवी, समजून दिलेली हवी, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. प्रवेशाच्या रांगेत, पोराला शाळेत घेतील की नाही या धास्तीत असलेला बाप जी सही करतो ती मोकळ्या मनाची कशी म्हणायची?

आणि भाषा. संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचता आला पाहिजे, असं कायद्यात आहे. मराठी त्यात आहे. अहिराणी नाही, भिली नाही, पावरी नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या आईला मराठी छापील कागद देऊन अंगठा घेतला तर कायद्याचं पान भरेल, तिला मात्र काहीच कळलेलं नसेल. तिथं माणूसच बसला पाहिजे. तिच्या बोलीत सांगायला हवं, मोबाईलवर दाखवायला हवं की बाई, हा फोटो इथं टाकला की सुरतला कामाला गेलेला माणूसही तो पाहू शकतो आणि आपल्याला तो परत घेता येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांची मुलं आजीकडे असतात, तेव्हा आजीचा अंगठा घेऊन मोकळं होऊ नका. फोन लावा.

बालगुन्ह्याच्या प्रकरणातली मुलं आणि अत्याचाराला बळी पडलेली मुलं यांची ओळख उघड करायला कायद्यानं आधीपासूनच बंदी आहे. लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आणि २०१५ चा बाल न्याय अधिनियम, दोन्हींत शाळेचं नाव देण्यालाही मनाई आहे. ते ठाऊक असू द्या.

मला जास्त बोलायचंय ते ‘नाही’ म्हणणाऱ्या घरांबद्दल. आम्ही नवा अर्ज केला. त्यात वेगवेगळे प्रश्न होते: वर्गाच्या भिंतीवर चालेल का, पालकांच्या ग्रुपवर चालेल का, पेपरात, फेसबुकवर, नावासकट की नावाशिवाय. शाळा व्यवस्थापन समितीसमोर तो ठेवला. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तेव्हा हे ठरवायची खरी जागा तीच. सगळं नीट झालं असं वाटलं. मग आली सव्वीस जानेवारी. फोटोच्या वेळी एका शिक्षकानं हाक दिली, “ज्यांच्या घरून नाही म्हटलंय ते बाजूला व्हा.” तीन पोरं रांगेतून निघाली आणि हातपंपाजवळ जाऊन उभी राहिली. लेझीमच्या पोशाखात होती ती. महिनाभर सराव केला होता त्यांनी. एकानं हातातली लेझीम पाठीमागे लपवली होती.

घरच्या नकाराची शिक्षा पोरांना झाली. आणि असं एकदा झालं की पुढच्या वर्षी ते पोर घरी रडतं, आणि आईबाप निमूट सही करतात.

आता सगळ्यांचा एक फोटो निघतो, तो शाळेतच राहतो. बाहेर द्यायचा दुसरा घेतो: पाठमोरी रांग, लेझीम धरलेले हात, रांगोळी, प्रयोगाचं टेबल. चेहरा दिला तर नाव नाही, नाव दिलं तर चेहरा नाही. शाळेच्या पाटीसमोर एकट्या मुलाचा फोटो नाहीच. आणि मदतीच्या वाटपाचा फोटो कायमचा बंद केला. तो नसेल तर देणगी मिळत नाही, असं काही सहकारी म्हणतात. दोन देणगीदार खरंच गेले. बाकीच्यांना आम्ही वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो आणि सही-शिक्क्याची पावती पाठवतो. साने गुरुजी याच गावात वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या कुणाला न सांगता झाडून काढत. त्या गावात हे सांगावं लागू नये.

पुढे एका पालकसभेत पाड्यावरून आलेल्या एका बापाला आमच्या बाईंनी त्याच्या बोलीत एकेक प्रश्न वाचून दाखवला. ग्रुपवर? नको. पेपरात? नको. फेसबुक? ते काय असतं, हे समजून घेतलं आणि मान हलवली, नको. मग त्यानं विचारलं, कागदावर काढलेला फोटो मिळेल का, घरी लावायला. बाईंनी अर्जावर एक नवी ओळ हातानं लिहिली आणि तिच्यापुढे खूण केली.