ती, तो की ते? नासोरी लोकांचा पवित्र आत्मा

मंडळी, एका केसापासून सुरुवात करू. 'इब्री (हिब्रू) लोकांचं शुभवर्तमान' म्हणून येशूच्या आयुष्यावरचं एक जुनं पुस्तक होतं, ते पूर्ण आता मिळत नाही, दुसऱ्यांनी उतरवून ठेवलेल्या ओळी तेवढ्या उरल्यात. त्यात येशू म्हणतो, माझ्या आईने, म्हणजे पवित्र आत्म्याने, मला एका केसाला धरून उचललं आणि ताबोरच्या डोंगरावर नेलं. (ख्रिस्ती श्रद्धेत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, त्यातला हा आत्मा.) तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने ही ओळ दिलीय, नंतर बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमनेही, आणि जेरोम म्हणतो हे पुस्तक नासोरी लोक वाचतात. नासोरी म्हणजे येशूला मसीहा मानणारे पण सुंता, शब्बाथ (शनिवारचा विसावा), मोशेचं नियमशास्त्र असं यहुद्यांचं सगळं पाळणारे, सिरियात बेरोयाला, म्हणजे आजच्या अलेप्पोला, त्यांची वस्ती होती.

आता आत्मा आई कशी? हिब्रूत रूआह, अरामीत रूहा, अर्थ वारा, श्वास, आत्मा, आणि शब्द स्त्रीलिंगी. ग्रीकमध्ये गेला की 'ते' प्न्यूमा, लॅटिनमध्ये 'तो' स्पिरितुस. आपल्याला हे लगेच कळतं कारण तो-ती-ते आपल्या तोंडात रोजच असतं, आणि मराठीत आपणही 'तो' आत्माच म्हणतो. जेरोम म्हणतो तीन भाषांत तीन लिंगं, म्हणजे देवाला लिंगच नाही. मला हे उत्तर घाईचं वाटतं. त्याच जेरोमने उतरवलेला बाप्तिस्म्याचा प्रसंग बघा ना, आत्मा येशूवर उतरून विसावते आणि म्हणते, माझ्या मुला, सगळ्या संदेष्ट्यांमध्ये मी तुझीच वाट बघत होते, तूच माझा विसावा. हे नुसतं व्याकरण नाही हो, किती दिवसांनी लेकरू भेटलेल्या आईचं बोलणं आहे हे!

त्यांच्या जवळपासचाच, यहुदी चालीरीती आणि येशू दोन्ही धरून असलेला एल्कसाईचा पंथ. त्यांच्या ग्रंथात एक देवदूत येतो, उंची 96 मैल, नुसत्या पावलाचा ठसा 14 मैल लांब, तो देवाचा पुत्र, आणि शेजारी तेवढीच मोठी एक स्त्री उभी, ती पवित्र आत्मा. हिप्पोलितस या रोमच्या ख्रिस्ती लेखकाने ही मापं लिहून ठेवलीत, खोडून काढायलाच लिहिली, पण त्याच्यामुळेच ती आपल्यापर्यंत आली.

आणि आता सगळ्यात चटका लावणारी गोष्ट. इराक-इराणच्या दक्षिणेतले नदीकाठचे मंदाई लोक, अजूनही वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा घेतात, त्यांच्यातले जाणकार स्वतःला नासोराई म्हणवतात. त्यांच्याकडे प्रकाशातले जीव म्हणजे उथ्रा, आणि रूहा? रूहा तिथे सात ग्रहांची आई आहे, माणसाच्या जिवाला या जगात अडकवून ठेवणारी. शब्द तोच, अरामीच. पण त्यांच्या ग्रंथांत मधेच कुठेतरी हीच रूहा रडते, तिलाही त्या प्रकाशाकडे परत जायचं असतं.