पहिला टोल

(दृश्य : पहाट, ओला रस्ता, बंद फाटक)

सोमवार, १६ जून २०२५. शाळा एरवी १५ जूनला उघडते. यंदा त्या दिवशी रविवार आल्यामुळे मुलांच्या पदरात सुट्टीचा एक दिवस अधिक पडला. विदर्भातील मुलांना उन्हामुळे त्यावर आणखी एक आठवडा मिळाला आहे. पुण्याच्या पेठेतील पाचवी ते दहावीच्या, फक्त मुलग्यांच्या या शाळेचे फाटक मात्र थोड्याच वेळात उघडेल. फाटकावरील पाटी पडद्यावर दिसतेच आहे, म्हणून ती वाचून दाखवत नाही.

फाटक उघडेपर्यंत आपण आठवडाभर मागे जाऊ, कारण मुले आज येणार असली तरी शाळेचे काम केव्हाच सुरू झालेले आहे.

(दृश्य : मागील आवार, उलटी टाकलेली बाके)

उन्हाळ्यात मोडकी बाके वेगळी काढून ती जूनच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्त करण्याचे काम शिपाईमामा स्वतः करतात. ते खिळा वापरत नाहीत, स्क्रूच वापरतात. खिळा ठोकला की दिवाळीपर्यंत मुले तो उचकटून काढतात, असा त्यांचा अनुभव आहे. फळीवर कर्कटकाच्या टोकाने कोरलेली नावे पॉलिशपेपरने जात नाहीत आणि ती घालवण्याचा फारसा प्रयत्नही कोणी करताना दिसत नाही. कॅमेरा ज्या बाकावर थांबला आहे, त्यावर एकाच आडनावाची दोन नावे आहेत. अक्षर वेगळे आहे, शाईचा रंगही वेगळा आहे.

(दृश्य : कार्यालय, लोखंडी कपाट, जनरल रजिस्टर)

शाळेचा खरा पाया म्हणाल तर तो या कपाटात आहे. जनरल रजिस्टर हे मोठ्या आकाराचे, पाठीला कापड लावलेले पुस्तक असून शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यात एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा आणि पुढे कधीतरी शाळा सोडल्याचा दिनांक व कारण, एवढे सारे एका आडव्या ओळीत मावते. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे या ओळीची नक्कल असते. मूल शाळेत असेपर्यंत चूक शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने दुरुस्त होऊ शकते. शाळा सोडल्यानंतर ते काम फार अवघड होऊन बसते. म्हणूनच लिपिक ही ओळ लिहिताना फोन उचलत नाहीत.

पाचवीत प्रवेश घेणाऱ्या एका मुलाचे वडील खिडकीपाशी उभे आहेत. दाखल्यावर मुलाचे नाव ‘ओंकार’ आहे, तर आधार कार्डावर ते ‘ओमकार’ असे पडले आहे.

“एका टिंबानं काय होतंय, साहेब?”

“दादा, मला काही होत नाही, संगणकाला होतं. आधार जुळलं नाही तर पोरगा वर्गात बसेल, पण पटावर मोजला जाणार नाही.”

दादा आधार केंद्राचा पत्ता विचारून निघाले. पटाचा विषय पुढे येईल.

याच कपाटाच्या खालच्या कप्प्यातील रजिस्टरांची पाने आता हात लावताच तुटतात आणि काही जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. त्यांना मात्र निवृत्ती नाही. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा विचारला जातो. तेव्हा नातवाच्या प्रमाणपत्रासाठी आजोबांची पाचवीतील ओळ शोधली जाते. २०२३ मध्ये, मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्याबाबत नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभर शाळांची अशीच रजिस्टरे बाहेर निघाली. शाळेच्या नव्या इमारतीसाठी पैसे मागणारे पुष्कळ भेटतात. या कपाटाला वाळवीपासून वाचवण्यासाठी मागणारा आम्हांला एकच भेटला, आणि तो लिपिक होता.

(दृश्य : जुनी छायाचित्रे, वर्गांच्या रांगा)

मुलांची शाळा वेगळी आणि मुलींची वेगळी, ही पेठांतील घडी जुनी आहे. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर नंतर येऊन मिळाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची आणि मुलींचे हुजूरपागा हायस्कूलही त्याच वर्षीचे. पुढे एकेका संस्थेनेच दोन्ही शाळा चालवल्या आणि भाऊ एका फाटकातून, बहीण दुसऱ्या फाटकातून आत जाणे हा घराघरांतला रिवाज झाला. छायाचित्रातील टोप्या गेल्या, अर्ध्या चड्ड्यांची जागा पुष्कळ वर्गांत पूर्ण विजारीने घेतली. रांगेत उंची पाहून उभे करण्याची पद्धत तेवढी राहिली.

(दृश्य : पर्यवेक्षकांचे टेबल, पेन्सिल, चौकटींचा कागद)

वेळापत्रक करण्यासाठी संगणकावर सोय आहे, तरी पर्यवेक्षक अजून चौकटींच्या कागदावर पेन्सिलीनेच ते मांडतात. मैदान एक, प्रयोगशाळा एक, चित्रकलेचे शिक्षक एक, आणि या तिघांची वाट पाहणाऱ्या तुकड्या अनेक. दहावीचे गणित जेवणाच्या सुट्टीआधी हवे, विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला सलग दोन तासिका हव्यात, आणि शेवटच्या तासाला मैदान मिळालेली तुकडी टोल होण्याआधीच दप्तरे भरते, हेही ध्यानात धरावे लागते. तीन दिवसांत खोडरबर संपले.

पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे ग्रंथालयात आले आहेत. आठवीपर्यंत ती मोफत मिळतात, नववी-दहावीला विकत घ्यावी लागतात. दोन वर्षे पुस्तकांत वहीची कोरी पाने शिवलेली होती. यंदा ती काढून टाकल्यामुळे वही पुन्हा वेगळी आणावी लागेल.

(दृश्य : फाटक उघडते)

आणि आता तो सोमवार.

फाटकाला आंब्याच्या पानांचे तोरण आहे. दहावीची मुले पाचवीच्या मुलांना गुलाबाचे फूल देत आहेत. कोणाकडे पाहावे हे दोघांनाही कळत नाही. नव्या दप्तराला अजून प्लॅस्टिकचा वास आहे आणि बहुतेक गणवेश पुढच्या वर्षाचा विचार करून मोठेच शिवलेले आहेत. वडाखाली उभ्या असलेल्या आजीने छत्री मिटलेली नाही, पाऊस थांबून बराच वेळ झाला आहे.

शिपाईमामा पितळी टोल देतात.

(येथे निवेदन नाही. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा. पाठोपाठ वर्गांकडे जाणाऱ्या पावलांचा आवाज.)

(दृश्य : पहिल्या मजल्यावरील व्हरांडा)

पाचवीच्या वर्गांवर ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा पाट्या आहेत. पुढील दोन दारांवर पाट्यांच्या जागी चार-चार भोके आणि भिंतीच्या रंगापेक्षा उजळ चौकोन आहेत. ३० सप्टेंबरचा पट पाहून शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची मंजुरी, होते, तीत आधार जुळलेलीच मुले धरली जातात आणि मुले कमी पडली की शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे समायोजित होतात. या शाळेतून दोघे गेले. पुढील वर्षापासून येथे मुलींनाही प्रवेश देण्याचे व्यवस्थापनाने ठरवले आहे.

(दृश्य : कार्यालय, संध्याकाळ)

शेवटचा टोल झाला आहे. आज भरलेल्या ओळींवर लिपिकांनी टिपकागद ठेवला, रजिस्टर मिटले आणि मुद्रणालयातून आलेला पुढील वर्षाच्या प्रवेश अर्जाचा कच्चा नमुना पुढे ओढला. अर्जाच्या पहिल्याच ओळीत, आजवर छापत आले तसे, ‘कुमार’ एवढेच छापलेले आहे. त्यांनी त्यापुढे तिरकी रेघ मारली, लाल शाईने ‘कुमारी’ लिहिले आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात समासात आद्याक्षर टाकले. मग कपाटाची किल्ली फिरवून ते दिवा मालवायला उठले.