जलशातून रीलमध्ये

(पडद्यावर: ‘मूकनायक’चं शीर्षपान. कॅमेरा नावाजवळच्या ओळींवर येऊन थांबतो.)

३१ जानेवारी १९२०. मुंबईत एका पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. संपादकीय धोरण सांगायला बाबासाहेब आंबेडकरांनी शीर्षपानावर तुकोबांना बसवलं. ‘काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥’ भजनात, वारीत जे तुकोबा तोंडपाठ, तेच इथे अस्पृश्यांच्या हक्कांची भाषा बोलत होते. सात वर्षांनी, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं, तेव्हा ती जागा ज्ञानेश्वरीतल्या ओव्यांनी घेतली.

लोकांच्या ओठावर जे आधीच आहे, त्यात राजकारण भरायचं. आज मोबाइलवर जे चाललंय, त्याची रीत ही अशी शंभर वर्षं जुनी आहे. आणि त्या शीर्षपानात एक साधी गोष्ट होती, जी आजच्या पोस्टमध्ये बऱ्याचदा नसते: ओळी पानावरच छापलेल्या होत्या. अंक कुणाच्याही हातात गेला, तरी त्या सुटून पडायच्या नाहीत.

(पडद्यावर: ढोलकी, तुणतुणं, कंदिलाच्या उजेडातला मांडव. रेखाचित्र.)

सत्यशोधक जलसेकारांनी तमाशाचा साचा उचलला. सवाल-जवाब, बतावणी, वग हे सगळं प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेलं. आत घातली सावकारी, भिक्षुकशाही, शाळा. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी हाच प्रकार आंबेडकरी चळवळीसाठी गावोगाव नेला. पुढे वामनदादा कर्डकांची गाणी आली, मग कॅसेटचा काळ, आणि भीमगीतं सर्रास हिंदी सिनेमाच्या चालींवर बांधली जाऊ लागली. त्याला नाकं मुरडणारे तेव्हाही होते. पण कारण अगदी व्यवहाराचं होतं. चाल आधीच माहीत असली, की ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्दांकडे जातं, आणि दुसऱ्या कडव्याला तो स्वतःच म्हणायला लागतो.

आज इन्स्टाग्रामवर ट्रेंडिंग ऑडिओ घेऊन रील करणारी मुलं नेमकं तेच करतात.

(पडद्यावर: निळ्या रंगातल्या चित्रांची मालिका.)

राही पुण्यश्लोक ‘आर्टेडकर’ या नावाने चित्रं टाकतात, सिद्धेश गौतम ‘बेकरी प्रसाद’ या नावाने. दोघांकडेही निळा रंग हटकून भेटतो. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता, तिथून हा रंग चळवळीचा झाला. पडद्यावर मात्र निळा रंग फसवतो. आकाशी पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं उन्हात, स्वस्त फोनवर, दिसतच नाहीत. निळ्यावर लाल अक्षरं थरथरल्यासारखी भासतात. गडद नेव्ही घ्यावा, त्यावर पांढरं किंवा फिकं पिवळं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ हवं. ते मोजून देणारी फुकट साधनं आहेत.

आता एक पोस्ट सुरुवातीपासून बांधून पाहू. विषय महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, तारीख २० मार्च.

इथली नेहमीची चूक म्हणजे मार्च आणि डिसेंबर एकाच चित्रात कोंबणं. पाणी प्यायले ते २० मार्च १९२७ ला. मनुस्मृती जाळली ती २५ डिसेंबर १९२७ ला. मधल्या नऊ महिन्यांतच खरी गोष्ट आहे, म्हणून एका चित्राऐवजी सात चित्रांची सरकती पोस्ट करावी. पहिल्या चित्रावर एकच वाक्य. दुसऱ्यावर मुंबई कायदेमंडळातला सी. के. बोले यांचा १९२३ चा ठराव: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. तिसऱ्यावर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केलेला ठराव, जो कागदावरच राहिला. चौथं चित्र मार्चच्या परिषदेचं आणि तळ्याकडे निघालेल्या मोर्चाचं. पाचवं त्यानंतरच्या हल्ल्याचं, आणि तळ्याच्या तथाकथित शुद्धीकरणाचं. सहावं डिसेंबरचं: कोर्टाचा मनाई हुकूम, म्हणून सत्याग्रह स्थगित, आणि मनुस्मृतीचं दहन. सातवं १९३७ चं, मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने दिलेल्या निकालाचं. दहा वर्षं. लाइकचा आकडा तासाभरात मोजणाऱ्यांनी सातव्या चित्रावर जरा थांबावं.

(पडद्यावर: संगणकाची खिडकी. चित्राच्या चौकटीवर मापं.)

माप १०८० बाय १३५० पिक्सेल. प्रोफाइलच्या जाळीत आता तीनास चार प्रमाणाची खिडकी दिसते, त्यामुळे या मापाच्या चित्राच्या दोन्ही बाजू साधारण ३४ पिक्सेलने कापल्या जातात. अक्षरं कडेपासून ८० पिक्सेल तरी आत ठेवावीत. एका चित्रावर २५ ते ३० शब्द, अक्षराची उंची ४० पिक्सेलच्या खाली नको.

देवनागरीचे तीन ठरलेले अपघात आहेत. पहिला, फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. फॉन्टला शिव्या देण्यात अर्थ नाही. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडलेला नसतो, एवढंच. दुसरा, इंग्रजी पोस्टरची नक्कल करताना अक्षरांमधलं अंतर वाढवतात आणि शिरोरेषा तुटते. ते अंतर शून्यच ठेवायचं. तिसरा, दोन ओळी इतक्या जवळ येतात, की वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांवर आदळतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर द्यावं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर भलतीच चिन्हं उमटतात, तो आधी बदलून घ्यावा लागतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जातं ते चित्र, कॅप्शन मागेच राहतं. म्हणून संदर्भ आणि चित्रकाराचं नाव दोन्ही चित्रातच, प्रत्येक चित्रात, खालच्या पट्टीवर यायला हवं. संगणकाने बनवलेलं चित्र असेल, तर ‘हे छायाचित्र नाही’ हेही तिथेच लिहायचं. तपकिरी छटा दिलेली खोटी छायाचित्रं दोन-तीन वर्षांत जयंतीच्या फ्लेक्सवर पुरावा होऊन बसतात.

अवतरणांचा खडखडाट तर विचारू नका. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे भिंतीभिंतीवर आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेब इंग्रजीत बोलले, तिथे शिकण्यानंतर चेतवणं आहे आणि संघटन तिसरं. क्रम बदलला की राजकारणही थोडं बदलतं: आधी माणसं पेटायची, मग संघटना. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले ‘लेखन आणि भाषणे’चे खंड सहज मिळतात. खंड आणि पान सापडलं तरच अवतरण टाकावं. हक्कांची अडचणही नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांचं होतं, त्यामुळे बाबासाहेबांनी स्वतः हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहे.

गाण्याचं तसं नाही. शब्द बदलून सिनेमाची चाल वापरली, तरी यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखू शकते. मग आवाज बंद होतो, किंवा जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळतात. पोवाड्याची, ओवीची पारंपरिक चाल कुणाच्या मालकीची नाही, पण तिची एखाद्या कंपनीने काढलेली ध्वनिफीत मालकीची असते. म्हणून ढोलकी स्वतः वाजवा, स्वतः रेकॉर्ड करा.

(पडद्यावर: चहाचे मळे. मग मासिकाची मुखपृष्ठं, नुसती रेषांनी काढलेली.)

चाल फिरते आणि माणूस गळतो, याचं ठळक उदाहरण तामिळनाडूतलं. मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे तमिळ गाणं आलं आणि देशभर रीलवर नाचलं गेलं. शब्द अरिवू या तमिळ रॅपरचे. त्यात श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या भूमिहीन पूर्वजांची आणि त्याच्या आजीची आठवण आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर या गाण्याची गायिका धी झळकली, अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीरपणे आक्षेप घेतला, गदारोळ झाला, मग मासिकाने अरिवूचं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. जे गाणं पुसल्या गेलेल्या माणसांबद्दल होतं, त्याच्याच बाबतीत हे व्हावं!

उलटाही प्रकार होतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केलं, की सावित्रीबाई फुल्यांची सहकारी म्हणून ओळखली जाणारी फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं. तीन वर्षांपूर्वी गूगलने त्यांच्यावर डूडल केलं होतं, त्यामुळे खळबळ उडाली. उत्तर एका पत्रात होतं. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला माहेरून, नायगावहून, जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे: तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. फातिमा होती. जन्मतारखेचा मात्र तसा समकालीन कागद नाही, आणि ९ जानेवारीची पोस्ट करणाऱ्या बहुतेकांनी तो कधी मागितलाही नव्हता. दावा फोफावला तो या फटीतून.

(पडद्यावर: कोरा फलक हातात धरलेली आकृती.)

नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी दिल्लीत एका दलित कार्यकर्तीने दिलेलं पोस्टर हातात धरलं. त्यावर ब्राह्मणी पितृसत्ता मोडा, अशी इंग्रजी घोषणा होती. फोटो पसरला, कंपनीने हात झटकले, वरिष्ठ अधिकाऱ्याने माफी मागितली. राजस्थानात प्रकरण कोर्टात गेलं. आधी कित्येक वर्षं ‘ब्राह्मणी’ म्हणजे व्यवस्था की माणसं, हा वाद मासिकांतून चालला होता, तो एका फोटोत आवळला गेला. संज्ञा वापरायची तर तिचा अर्थ त्याच चित्रावर एका ओळीत द्यावा लागतो, हे तेव्हा कळलं.

ट्रोलांची टोळधाड आली, की आधी पुरावा: पोस्टचा दुवा, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. नुसतं चित्र कापून ठेवलं तर पोलीस ठाण्यात उपयोग होत नाही. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज. २०२१ च्या नियमांनुसार २४ तासांत पोच आणि सर्वसाधारणपणे ७ दिवसांत निर्णय (फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीआधी ही मुदत १५ दिवसांची होती). तो पटला नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं, ऑनलाइन. अनुसूचित जाती-जमातींबद्दल लेखी किंवा चित्रातून द्वेष पसरवला असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(यू) लागू शकतं. फिर्यादीत ते नेमकं लिहावं, ठाणे अंमलदाराच्या आठवणीवर सोडू नये. आपली स्वतःची पोस्ट उडवली गेली, तरी अपिलाची वाट हीच.

मूळ फाइल तेवढी जपून ठेवा, पूर्ण मापाची, तारखेसह. व्हॉट्सअ‍ॅपवर साथीदारांना पाठवताना ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो आकसतो, आणि आकसताना सगळ्यात आधी वाचेनाशी होते ती खालची बारीक पट्टी.