चंपाषष्ठी : मल्हारीचे सहा दिवस

(दृश्य : जेजुरीचा गड, दीपमाळा, भंडाऱ्याची उधळण.)

मार्गशीर्ष लागला की जेजुरीच्या गडावर पाऊल ठेवाल तिथे हळद. भंडारा इथे बारा महिने उधळला जातो. पण मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंतचे सहा दिवस खास मल्हारीच्या, म्हणजे खंडोबाच्या, नवरात्राचे. गडावर घट बसतात, तसे खंडोबा ज्यांचं कुलदैवत आहे त्या घराघरांतही बसतात. नंदादीप अखंड तेवतो, घटावर रोज एक माळ चढते.

आणि सहाव्या दिवशी चंपाषष्ठी. देवाने मणी-मल्ल दैत्यांचा पाडाव केला तो हा दिवस.

(दृश्य : खंडोबाचा चांदीचा टाक, जवळून.)

ब्रह्मदेवाच्या वराने माजलेले हे दोघे भाऊ. मणिचूर्ण पर्वतावरच्या सप्तर्षींच्या आश्रमांची त्यांनी धूळधाण केली. ऋषी इंद्राकडे गेले, विष्णूकडे गेले. वरापुढे कुणाचंच काही चालेना. मग शंकर मार्तंडभैरव, म्हणजेच खंडोबा, होऊन उतरले. हळदीसारखी कांती, हातात खड्ग, मागे सात कोटींची फौज.

दैत्यवधाची कथा पुष्कळ देवांची असते. खंडोबाची कथा मात्र वधापाशी थांबत नाही. पडता पडता मणीला पश्चात्ताप झाला. आपला पांढरा घोडा त्याने देवाला दिला आणि मागितलं काय, तर देवाच्या देवळात जागा. देवाने ती दिली. म्हणून देवाच्या दर्शनाला आलेला माणूस मणीलाही हात जोडतो. मल्ल मात्र मरतानाही जगाचा नाशच मागत राहिला. त्याचं मस्तक पायरीशी आलं. पण मल्हारी या नावात त्याचंही नाव राहिलंच. शत्रूला असं जवळ ठेवणारा देव मला फार मोठा वाटतो.

(दृश्य : गडाच्या पायऱ्या, वाटेवरचं बाणाईचं देऊळ.)

माणसं जोडण्यातही हा देव तसाच. म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक, तर बाणाई चंदनपुरीच्या धनगराची. लोककथा सांगते, सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव १२ वर्षं धनगराच्या घरी चाकर होऊन मेंढरं राखत होता. खंडोबाची गाणी गाणाऱ्या वाघ्या-मुरळीच्या जागरणात हा भाग आला की माणसं सरसावून बसतात. दोन बायकांचं भांडण, देवाची ओढाताण, सगळं घरातलंच! दिमडी आणि तुणतुण्यावर रात्र कशी सरते कळत नाही. याच परंपरेत देवाला मुली मुरळी म्हणून वाहिल्या जात. त्या मुलींनी फार सोसलं. ती चाल आज कायद्याने बंद आहे, आणि ती बंदच राहिली पाहिजे.

(दृश्य : घरातलं देवघर. तळीची तयारी.)

चंपाषष्ठीचा जीव म्हणजे तळी. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि मध्ये भंडाऱ्याची रास. शेजारी दिवटी पेटवलेली. तीन, पाच किंवा सात जण डोक्याला टोपी, नाहीतर रुमाल बांधून गोल बसतात. घरात पुरुष कमी पडले तर शेजारचा पोरगा हाकेला येतो. त्याचं कुलदैवत कोणतं, हे कुणी विचारत नाही. सगळ्यांचे हात एकदम ताम्हनाखाली जातात आणि गजर होतो :

“हर हर महादेव! चिंतामणी मोरया! आनंदीचा उदे उदे! भैरवाचा चांगभलं! सदानंदाचा येळकोट! येळकोट येळकोट जय मल्हार!”

तळी तीनदा उचलतात. शेवटच्या गजराला लहान पोरांचा आवाज सगळ्यात वर असतो. मग कपाळाकपाळाला भंडारा लागतो आणि खोबऱ्याचे तुकडे वाटले जातात. हळदीने माखलेलं ते खोबरं तसंच तोंडात टाकायचं, धुवायचं नाही. जेजुरीला हीच तळी देवळासमोरच्या पितळेने मढवलेल्या मोठ्या कासवावर भरतात.

(दृश्य : चूल, निखाऱ्यावर भाजलं जाणारं वांगं.)

नैवेद्य शेतातला. वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, कांद्याची पात, लसूण. चातुर्मासात ज्या घरांत कांदा, लसूण, वांगं बंद असतं, तिथे ते या दिवशी देवाला दाखवून पुन्हा ताटात येतं. कोवळी वांगी आणि नवी बाजरी याच सुमाराला हाताशी आलेली असते, त्यामुळे या भरिताला जी चव लागते ती एरवी नाही. एक घास कुत्र्याला ठेवायचा. टाकावर घोड्याच्या पायाशी तोही आहे, त्याला विसरून चालत नाही.

चंपाषष्ठीला घट उठतात आणि नवरात्र संपतं. पण भक्तांची धावपळ संपत नाही. पौष महिन्यात सातारा जिल्ह्यात, तारळी नदीच्या काठी पाल इथे खंडोबा-म्हाळसेचं लग्न असतं. तळी झाली की घरोघरी बोलणं सुरू होतं ते पालला कोण कोण येणार याचं.