अमळनेरच्या ट्रंकेतले कागद

(दृश्य: खापरावर मांडा टाकणारे हात)

हा खानदेशी मांडा. ताटात ठेवला तर बाहेर लोंबेल एवढा. एकट्याला संपत नाही, म्हणून त्याचे वाटे करतात. शेअर म्हणजे असाच वाटा, फक्त मांड्याच्या जागी अख्खी कंपनी.

(दृश्य: अमळनेर स्टेशन, बाजारपेठ)

जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर. साने गुरुजी इथल्याच शाळेत शिकवायचे. १९४५च्या डिसेंबरात इथे एक कंपनी सुरू झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. माल काय, तर वनस्पती तूप आणि कपड्यांचा साबण.

आता कारखाना चालवायचा तर पैसा हवा. कर्ज काढलं की व्याज आलं. दुसरी वाट अशी, की लोकांनी पैसे घालायचे आणि बदल्यात कंपनीचा वाटा घ्यायचा. नफा झाला आणि कंपनीने तो वाटायचं ठरवलं, तर प्रत्येक शेअरमागे काही रुपये हातात येतात. हा लाभांश. धंदा बसला तर घातलेले पैसे जातात. पण कंपनीचं कर्ज मागायला तुमच्या दारात कुणी येत नाही.

अमळनेरातल्या काही घरांनी हे शेअर घेतले आणि कागद ट्रंकेत टाकले.

१९६६ साली मालक वारले. अमेरिकेत शिकणारा एकवीस वर्षांचा मुलगा घरी परतला. त्याचं नाव अझीम प्रेमजी, आणि ती तुपाची कंपनी म्हणजे आजची विप्रो.

(दृश्य: फळ्यावर आकडे)

कंपनी कधी कधी आपल्या भागधारकांना जादा शेअर फुकट देते, त्याला बोनस म्हणतात. विप्रोच्या १९९७च्या बोनसआधी ज्याच्याकडे एक शेअर होता, त्याने नुसता सांभाळला असता तरी २०२४ अखेर त्याचे ८०० झाले असते. एका शेअरवर दोन फुकट, मग एकाचे पाच तुकडे, पुन्हा बोनस, असं करत करत.

थांबा, इथे मोठी माणसंही फसतात. मांड्याचे पाच तुकडे केले म्हणून मांडा वाढतो का? शेअरचे तुकडे झाले किंवा बोनस मिळाला, की भावही त्याच हिशेबाने उतरतो. त्या दिवशी कुणी श्रीमंत होत नाही. अमळनेरकरांचं नशीब फळलं ते मांडाच मोठा झाल्यामुळे. तूप विकणारी कंपनी सॉफ्टवेअर विकू लागली, म्हणून. तसं प्रत्येक कंपनीचं होत नाही. कित्येक कंपन्या बुडाल्या, आणि त्यांचे कागदही कुणाकुणाच्या ट्रंकेत असतील.

मग रोजचा भाव कोण ठरवतं? मार्केट यार्डात शेंगांचा ठरतो तसाच. घेणारे जास्त, तर चढतो. विकणारे जास्त, तर पडतो. फक्त हा बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद.

(दृश्य: जुनी ट्रंक, पिवळे पडलेले कागद)

आता शेअर कागदावर नाही, तर डिमॅट नावाच्या संगणकावरच्या खात्यात असतात, बँकेतल्या शिलकेसारखे. जुना कागदी शेअर बाजारात विकायचा, तर आधी डिमॅटमध्ये आणावा लागतो. आजोबांची ट्रंक माळ्यावर असेल, तर सुट्टीत एकदा उघडून बघा.