मंडईचं एक जुनं पोस्टकार्ड

पडद्यावर दिसतंय ते पुण्याच्या मंडईचं पोस्टकार्ड आहे. चित्राखाली इंग्रजीत ‘रे मार्केट, पूना’ असं छापलंय. मधोमध अष्टकोनी मनोरा, टोकदार कमानी, पुढच्या मोकळ्या जागेत बैलगाड्या, भाजीच्या पाट्या आणि माणसं. असं चित्र दाखवलं की पहिला प्रश्न येतो, कधीचं आहे हो हे? माझं म्हणणं असं की आधी दोन टोकं पक्की करू. हे कधीच्या आधीचं असूच शकत नाही, आणि कधीच्या नंतरचं असूच शकत नाही?

पहिलं टोक सोपं आहे. ही इमारत होण्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. ही इमारत १८८६ साली उघडली, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं. म्हणजे फोटो त्यानंतरचा. दुसरं टोक कार्डाच्या पाठीवर आहे. तिकीट पंचम जॉर्जचं, टपालाचा शिक्का १९१२चा. झालं, सव्वीस वर्षांची चौकट मिळाली.

आता ती आवळायची. इथेच बहुतेकांची गडबड होते. पाठीवर मधोमध रेघ आहे, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. अशी कार्डं ब्रिटनमध्ये १९०२पासून चालू झाली, इतर देशांत पुढच्या चार-पाच वर्षांत. त्यावरून कार्ड कधी छापलं ते कळतं, फोटो कधी काढला ते नाही. प्रकाशक एकाच फोटोची काच, म्हणजे काचेवरची निगेटिव्ह, वर्षानुवर्षं वापरत. कमानीला टेकवलेली ती सायकल बघा, दोन्ही चाकं सारखी. ही सायकल इंग्लंडात १८८५ साली बाजारात आली. पुरावा छान वाटतो, पण आपल्याला काडीचा उपयोग नाही, कारण इमारतच त्यानंतरची. पुढचा बैल स्पष्ट आहे आणि शेपटी मात्र पुसट, म्हणजे कॅमेऱ्याची उघडझाप सेकंदाच्या अंशात झाली. तेही १८८६ साली शक्य होतंच.

मंडईजवळचा लोकमान्य टिळकांचा पुतळा दिसत नाही, असं कुणीतरी मघाशी म्हणालं. बरोबर, तो १९२४ साली बसला, अनावरण मोतीलाल नेहरूंनी केलं. पण ‘दिसत नाही’ हा पुरावा फार जपून वापरायचा असतो. कॅमेरा ज्या बाजूला होता तिथून तो दिसला असता का, हे आधी जागेवर जाऊन बघावं लागतं. आणि शिक्का १९१२चा असल्यावर या कार्डासाठी तो मुद्दा उरतच नाही.

मला खरा आधार वाटतो तो दगडाचा. भिंतीतले चुन्याचे सांधे पांढरेशुभ्र दिसतात, पावसाळ्यांनी अजून काळवंडलेले नाहीत. यावरून मी फोटो १८८६ ते १९०० या काळात ठेवीन. त्याहून बारीक साल मी सांगणार नाही. कुणी छातीठोकपणे एकच वर्ष सांगितलं तर आधार विचारा.

ऋतू मात्र सांगता येतो, आणि तो शोधताना मला फार आनंद झाला. इमारत अजून उभी आहे, त्यामुळे दिशा ताडून पाहता येतात. या उभ्या माणसाची सावली बरोबर उत्तरेला पडलीय, म्हणजे भर दुपार. आणि लांबी जवळजवळ त्याच्या उंचीइतकी. पुण्यात मे महिन्यात दुपारी सावली पायाखाली येते. डिसेंबरात मात्र ती उंचीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे ऐन हिवाळा.

आता त्या माणसांकडे या. फोटोग्राफरला हवी होती इमारत, माणसं चौकटीत आली म्हणून आली. कमानींच्या बाहेर, उन्हात, पाट्या मांडून बसलेल्या बायका बघा. डोक्यावरून पदर, पुढ्यात जमिनीवर मांडलेले भाजीचे वाटे. आत छप्पर असताना या बाहेर का? गाळ्याचं भाडं परवडत नसेल हा माझा तर्क आहे, फोटो तसं सांगत नाही. पण ही मंडई बांधायला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून. तो विरोध डोळ्यांपुढे ठेवला की या बायका चित्राची शोभा राहत नाहीत. पुढे याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. कार्डावर छापलेलं ‘रे’ हे नाव सोडलं तर त्या वादाची खूण चित्रात कुठेच नाही, ती आपणच वाचायची.

तुमच्या घरी अशी कार्डं असतील तर ती अल्बमात चिकटवू नका. आधीच चिकटलेली असतील तर ओढून काढू नका, पाठ फाटते. आणि स्कॅन करताना दोन्ही बाजू करा. या कार्डाचा शिक्का आपल्याला त्या पाठीमुळेच मिळाला.