परदेशी सेवेला जाताना: आधी धंदा, मग बाकी सगळं

(इंदूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत तरुणांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मिशनरी म्हटलं की आपल्या इंदूरकरांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. १८७७ साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चची माणसं माळव्यात आली, मग शाळा, दवाखाने, ख्रिश्चन कॉलेज. पगार कॅनडाहून, राहायला बंगला. आज इथे बसलेल्यांपैकी जे नर्सिंग, हॉटेल किंवा आयटीच्या कामासाठी देशाबाहेर जाणार आहेत आणि तिथे सेवाही करू म्हणतात, त्यांच्यामागे असं पगार पाठवणारं कुठलं मिशन बोर्ड नाही. पोटापाण्याचं त्यांनाच बघायचं आहे. ही रीत बंगल्यापेक्षा फार जुनी आहे, आणि तिच्यात लोक कुठे अडले याच्या नोंदीही भरपूर आहेत.

१७३२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हेर्नहुट गावाहून मोरावियन नावाच्या प्रॉटेस्टंट मंडळीचे दोघे निघाले आणि डिसेंबरात कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर उतरले. बेट डेन्मार्कच्या ताब्यात, ऊसमळे गुलामांच्या जिवावर चाललेले. सुवार्ता सांगायची ती त्या गुलामांना. डेव्हिड निट्शमान सुतार होता, त्याला लगेच काम मिळालं. लेओनार्ड डोबर कुंभार होता, आणि तिथली माती त्याच्या कामाची निघाली नाही. सुताराच्या कमाईवर दोघे जेवले. निट्शमान ठरल्याप्रमाणे चार महिन्यांत परत गेला आणि डोबर उघडा पडला. गव्हर्नरने त्याला घरचा कारभारी नेमलं. जेवणखाण उत्तम, मानही होता. पण गव्हर्नरच्या घरी गुलाम मोकळेपणी येऊन बसणार कसे? शेवटी ती नोकरी सोडून तो मळ्यांवर राखणदार झाला. पैसे कमी, पण माणसं जवळ.

या एका बेटावर जवळजवळ सगळा विषय येऊन जातो. हातात कसब असलं तरी कच्चा माल आणि गिऱ्हाईक त्या गावात आहे का, ते आधी विचारावं लागतं. आणि चांगल्या पगाराची नोकरी तुम्हाला नेमक्या त्याच माणसांपासून तोडू शकते. पुढची गोष्ट जास्त कडू आहे. मिशनचा खर्च भागावा म्हणून पुढे मोरावियनांनीच त्या बेटावर मळा घेतला आणि त्यावर गुलाम राबवले. स्वावलंबन म्हणजे आपोआप पुण्य, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे विसरू नये.

आता बायबलमधल्या प्रेषित पौलाकडे येऊ. ग्रीसमधल्या करिंथ शहरात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोकडे राहिला, कारण त्यांचा आणि पौलाचा धंदा एकच, राहुट्या म्हणजे तंबू करण्याचा. या धंद्याची सोय बघा. सुरी, आरी, दाभण, मेणवलेला दोरा. हत्यारं झोळीत मावतात. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत, बंदरांची ये-जा बारा महिने. तंबू आणि छताच्या कापडाला मागणी. तिथल्या उत्खननात बाजाराची लहान लहान दुकानं सापडली आहेत. अशा दुकानात शिवणकाम करताना गप्पा मारता येतात. लोहाराला ते जमणार नाही.

वेळेचं काय? इफिस शहरात तो तुरन्नाच्या पाठशाळेत रोज बोलत असे. काही प्राचीन हस्तलिखितांत त्याची वेळही दिली आहे: पाचव्या ते दहाव्या ताशी, म्हणजे आपल्या घड्याळाने साधारण अकरा ते चार. भर उन्हाची, लोक दुकानं बंद करून आडवे होण्याची वेळ. जागा रिकामी आणि ऐकणारेही मोकळे. सकाळी लवकर आणि संध्याकाळी हातात काम, असा दिवस बसतो. त्याच्या पत्रांत ‘रात्रंदिवस श्रम’ असं येतं ते अलंकारिक नाही.

पौलाने पैसे कधी घेतलेच नाहीत, हा मात्र आपल्याकडचा गैरसमज आहे. त्याचे सोबती सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून करिंथला आले, तिकडच्या बांधवांनी त्याची गरज भागवली, आणि तो वचन सांगण्यात पूर्ण गढून गेला. मासेदोनियातल्या फिलिप्पैकरांकडून त्याने घेतलं, करिंथकरांकडून घेतलं नाही. तिथल्या बड्या लोकांचं मीठ खाल्लं की त्यांचं मिंधं व्हावं लागे. त्याच्या वागण्यातून निघणारा नियम आजही कामाचा आहे: ज्या लोकांत सध्या काम चालू आहे त्यांच्याकडून घेऊ नका; जुन्या, दूरच्या मंडळीने आपणहून पाठवलं तर नाकारू नका.

इंग्लंडचा बाप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी आपल्याला भाषेमुळे जवळचा. १७९३ मध्ये तो कलकत्त्याला उतरला तेव्हा कंपनी सरकार मिशनऱ्यांना राहू देत नव्हतं. १७९४ मध्ये बंगालात माल्द्याकडे मदनाबाटीच्या नीळ कारखान्यावर त्याने व्यवस्थापकाची नोकरी धरली. पगार महिना दोनशे रुपये, आणि नीळवाला म्हणून राहण्याचा परवाना. नीळ म्हणजे पावसाळ्यातले तीनेक महिने धावपळ: कापणी, हौदात भिजवणं, घुसळणं. उरलेलं वर्ष बरंच मोकळं. बंगाली आणि संस्कृत त्याने त्या मोकळ्या महिन्यांत पक्की केली. पण पुराने पीक गेलं, कारखाना बंद पडला, आणि धंद्याबरोबर राहण्याचं कारणही गेलं. त्याला पाठवणाऱ्या विलायतेतल्या समितीने ‘व्यापारात पडू नका’ असं कळवलं ते वेगळंच. हे कुरकुरणं तुमच्या घरच्या मंडळीतही ऐकू येईल. १८०० मध्ये तो डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला गेला आणि पुढल्या वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात महिना पाचशे रुपयांवर शिकवू लागला. तिथेच वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ चं मराठी व्याकरण झालं. श्रीरामपूरच्या त्याच्या सोबत्यांपैकी मार्शमन जोडप्याची शाळा, वॉर्डचा छापखाना, केरीचा पगार, सगळं एका तिजोरीत. एकाचा धंदा बुडाला तरी बाकीचे तरतात, म्हणून एकट्याने जाऊ नका. केरीची बायको डोरोथी मात्र या सगळ्यात मनाने कायमची खचली. घरच्यांना विचारून निघणं हा खर्चाच्या यादीतला पहिला आकडा समजा.

आता आजचं. व्हिसावर जे काम लिहिलंय ते काम खरोखर आणि पूर्ण वेळ करा. नावापुरती कंपनी काढून आत दुसरंच चालवणारे पकडले जातात, आणि त्यांच्यामुळे तिथल्या स्थानिक विश्वासणाऱ्यांच्या घरी पोलीस जातात. आपल्याला काठमांडूला जायला व्हिसाच लागत नाही, म्हणून तरुण बेफिकीर असतात. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाच्या कलम २६ मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई आहे, आणि तिथल्या गुन्हेगारी संहितेच्या कलम १५८ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. आखातात चर्च आहेत, सौदी सोडून. आवारात उपासनेला मोकळीक, बाहेर प्रचाराला नाही. तिथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की थोड्या मुदतीत देश सोडायचा.

नर्सेसना एक स्पष्ट सांगतो. अंथरुणाला खिळलेला रुग्ण उठून जाऊ शकत नाही. त्याच्यापुढे प्रचार करणं अन्याय आहे आणि नोकरीवर पाणी सोडणंही. त्याने आपणहून विचारलं तर ड्यूटी संपल्यावर भेटा.

पैशाचं गणित निघण्याआधी कागदावर मांडा: पहिल्या सहा महिन्यांचा खर्च, घराची अनामत, आणि परतीच्या तिकिटाचे वेगळे, हात न लावायचे पैसे. जर्मनीत घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो. तिथे नर्स म्हणून मान्यतेला साधारणपणे जर्मन भाषेची बी-टू पातळी (कामकाज सहज चालेल इतकी भाषा) लागते, म्हणजे पहिलं वर्ष जवळजवळ अभ्यासातच जातं. त्या वर्षी मंडळी उभी करण्याच्या गोष्टी करू नका. नोकरी, झोप, स्वयंपाक आणि प्रवास वजा केल्यावर आठवड्याला दहा-बारा तास हाती राहतात. त्यातले निम्मे भाषेला द्या. आणि आपल्याच मराठी-हिंदी लोकांच्या घोळक्यात रविवार घालवून परत येणारे पुष्कळ असतात, तेही ध्यानात ठेवा.

शेवटी खजिनदारांसाठी. नोकरीसाठी बाहेर गेलेल्याने इथलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यायचं असतं. तो भारतीय नागरिक आहे तोवर त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्गे मंडळीला पाठवलेलं दान परदेशी देणगी धरलं जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं की तोच माणूस, तीच रक्कम परदेशी देणगीच्या कायद्यात येते. मग मंडळीची त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं खातं असल्याशिवाय ती घेता येत नाही. म्हणून पावती फाडताना पासपोर्ट कुठला, हे दरवर्षी विचारून घ्या.